सपाट फरशीवरही रोबोट व्हॅक्यूमला 'कडा' दिसते : क्लिफ सेन्सरचा दोष नेमका कुठे शोधावा?

उंबरठा (धागाकर्ती)

आमच्याकडे तीन वर्षांपासून एक रोबोट व्हॅक्यूम आहे. तो केर काढतो आणि मागच्या बाजूला लावलेल्या ओल्या कापडाने फरशीही पुसतो. गेल्या पंधरा दिवसांपासून मोकळ्या, सपाट फरशीवर चालता चालता तो एकाएकी थांबतो, वीतभर मागे सरकतो, डावीकडे वळतो, जरा पुढे जातो आणि पुन्हा तेच करतो. असे चार-पाच वेळा झाले की 'क्लिफ सेन्सर (कडा ओळखणारा सेन्सर) पुसा आणि यंत्र दुसऱ्या जागी ठेवा' असा संदेश देऊन तो बंद पडतो. फरशी फिकट रंगाची आहे, जवळपास गालिचा नाही, आणि याच फरशीवर तो तीन वर्षे विनातक्रार चालत होता.

खालच्या बाजूच्या, या सेन्सरांसमोरच्या चारही लहान खिडक्या मी कोरड्या मऊ कापडाने पुसल्या आहेत, पुढच्या लहान चाकात अडकलेले केस काढले आहेत, यंत्र पूर्ण चार्ज करून नव्याने सुरू केले आहे. सकाळी दारातून ऊन आत येते तेव्हा त्रास जास्त होतो आणि रात्री कमी होतो, असे मला वाटते. मात्र याची नोंद मी ठेवलेली नाही. सेवा केंद्राने यंत्र न पाहताच पुढचा संपूर्ण खालचा भाग बदलावा लागेल असे सांगितले. घरात खाली उतरणारा जिना आहे, त्यामुळे सेन्सर बंद करून टाकणे हा पर्याय माझ्यासाठी नाही. सेन्सर खरोखर निकामी झाला आहे की नाही, हे पैसे खर्च करण्याआधी घरीच कसे ठरवावे?

किरणमापक

आपण प्रश्न नेमका मांडला आहे. उत्तराआधी हा सेन्सर काय मोजतो ते थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक चुकीच्या दुरुस्त्या तिथल्या गैरसमजातून होतात.

त्याचे नाव 'कडा ओळखणारा' असे असले, तरी बहुतेक घरगुती यंत्रांतील हा सेन्सर खोली मोजत नाही. प्रत्येक खिडकीमागे दोन घटक शेजारी बसवलेले असतात. एक अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड) प्रकाश देणारा एलईडी आणि दुसरा तो प्रकाश टिपणारा फोटोट्रान्झिस्टर किंवा फोटोडायोड. दोघांची तोंडे थोडी एकमेकांकडे कललेली असतात, म्हणजे त्यांच्या दृष्टीचे शंकू यंत्राच्या खाली, फरशी जिथे असायला हवी साधारण तिथेच, एकमेकांना छेदतात. फरशी त्या जागी असेल तर प्रकाश विखरून परत येतो. फरशीच्या जागी पायरीची पोकळी असेल तर फारसे काही परत येत नाही. परत आलेला प्रकाश ठरावीक पातळीच्या खाली गेला की यंत्र त्याला 'कडा' म्हणते आणि मागे फिरते.

यंत्राला मिळते ती फक्त किती प्रकाश परत आला ही एक संख्या. तो प्रकाश कमी का आला, हे त्या संख्येतून कळत नाही. फरशी दूर असेल, फरशी प्रकाश शोषून घेणारी असेल, खिडकी मळली असेल, एलईडी मंद झाला असेल किंवा एखादा कनेक्टर सैल असेल, तरी निकाल एकच येतो. म्हणून 'सेन्सर बिघडला आहे का' असे विचारण्याऐवजी 'एलईडीपासून निघून परत येईपर्यंत प्रकाश कुठे हरवतो आहे' असे विचारावे.

उन्हाचे तुमचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात. त्यांना चुकवण्यासाठी यंत्र एलईडी फार वेगाने चालू-बंद करते आणि दोन्ही वेळच्या मोजणीतला फरक घेते. परंतु थेट उन्हाने टिपणारा घटकच भरून गेला, तर तो फरक लहान होत जातो. निरोगी सेन्सरकडे पुरेसा वाव असतो, त्यामुळे त्याला सहसा बाधा होत नाही. आधीच दुबळा झालेला सेन्सर मात्र उन्हात प्रथम कोसळतो. तेव्हा ऊन हे मूळ कारण नसावे, पण दुबळेपणा आधीपासून आहे याची ती खूण असावी.

कृपया तीन गोष्टी करून पाहा. पहिली, भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातून, यंत्र चालू असताना ते उचलून, चारही खिडक्या पाहा. पुष्कळ फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त किरण अडवणारी गाळणी प्रभावी असते, म्हणून पुढचा कॅमेरा वापरा आणि आधी दूरदर्शनच्या रिमोटवर तो चालतो का ते तपासा. दुसरी, खिडक्यांखाली कोरा पांढरा कागद ठेवून यंत्र पुढे जाते का ते पाहा. तिसरी, तुमच्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत चाचणीची काही सोय असेल आणि तीत सेन्सरचे आकडे दिसत असतील, तर ते आकडे दोनदा नोंदवा. एकदा यंत्र पांढऱ्या कागदावर असताना, आणि एकदा यंत्र हातात उंच धरून खाली काहीही नसताना. ही दुसरी नोंद पुष्कळ जण घेत नाहीत. मला स्वतःला तिचे मोल कागदावरच्या आकड्याहून जास्त वाटते.

पायरी

याआधी दोन साध्या शक्यता बाजूला काढाव्यात असे सुचवतो. प्रत्येक मोठ्या चाकाच्या कण्याजवळ, चाक खाली लोंबले की दाबला किंवा सुटला जाणारा एक लहान स्विच असतो. यंत्र उचलले गेले हे त्यावरून कळते. तो अडकला तरी यंत्र मागे सरकते, आणि काही यंत्रे दोन्हींसाठी जवळजवळ सारखाच संदेश देतात. चाके हाताने आत दाबून सोडा. दोन्ही सारख्याच सहजतेने खाली आली पाहिजेत. तसेच बम्पर, म्हणजे पुढचा धक्का झेलणारा भाग, दोन्ही टोकांना दाबून पाहा. बम्परमागे वाळूचा कण अडकला तरी यंत्र विनाकारण मागे वळते, पण तेव्हा संदेश बहुधा बम्परचा असतो.

पुढच्या चाकाच्या खोबणीत केसांचा गुंता बसला असेल तर यंत्राचे नाक थोडे उचलले जाते. खिडकी आणि फरशी यांतील अंतर काही मिलिमीटरने वाढले, तरी ज्या सेन्सरची पातळी आधीच काठावर आहे त्याला तेवढे पुरते. तुम्ही चाक साफ केले आहे म्हणता, पण ते खोबणीतून पूर्ण बाहेर ओढून काढले होते का?

चटई

माझा अनुभव वेगळा आहे, पण विषयाशी जोडलेला आहे म्हणून लिहितो. माझ्या खोलीत दोन काळ्या चटया आहेत. डोळ्यांना दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात. एका चटईवरून यंत्र निर्धास्तपणे जाते आणि दुसरीच्या काठाशी येताच दरी लागल्यासारखे मागे फिरते. कित्येक महिने मी सेन्सर पुसत राहिलो. शेवटी खिडक्यांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि प्रश्न मिटला. धागाकर्तीनेही तात्पुरते तसे करून पाहावे.

हातोटी

वरच्या प्रतिसादातील शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. धागाकर्तीने घरात जिना आहे असे पहिल्याच मजकुरात लिहिले आहे.

खिडकीवर पांढरा कागद लावला की एलईडीचा प्रकाश कागदावरूनच परत येतो आणि यंत्राला खाली कायम फरशी दिसते. काळी चटईही फरशी आणि जिन्याची पोकळीही फरशी. साधारण ३५ सेंटिमीटर व्यासाचे यंत्र सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने चालते असे धरू. पुढच्या खिडक्या आणि मोठी चाके यांच्यात १० ते १२ सेंटिमीटर अंतर असते. म्हणजे खिडकी काठाबाहेर गेल्यापासून चाक काठाशी येईपर्यंत सेकंदाचा सुमारे एक तृतीयांश भाग हाती असतो, आणि तेवढ्यात यंत्राने निर्णय घेऊन थांबायचे असते. सेन्सर झाकल्यावर हा वेळ शून्य होतो. तीन-चार किलो वजनाचे यंत्र जिन्यावरून खाली आले तर यंत्र तर जाईलच, पण खालच्या पायऱ्यांवर कुणी लहान मूल किंवा वयस्क माणूस असेल तर काय होईल, याचा विचार आधी व्हावा. 'तात्पुरते' म्हणून लावलेली पट्टी लोक विसरतात, हे मी दुरुस्तीसाठी आलेल्या यंत्रांवर अनेकदा पाहिले आहे. एकदा तर यंत्र विकणाऱ्याने पट्ट्या तशाच ठेवल्या होत्या आणि घेणाऱ्याला त्याची कल्पनाच नव्हती.

चटई

आपले म्हणणे मान्य आहे. माझे घर एका मजल्याचे असून दाराशी पायरीही नाही, म्हणून मला तो उपाय चालला. परंतु ही अट मी लिहायला हवी होती. जिना, पायरी, उंचवटा यांपैकी काहीही असलेल्या घरात हा उपाय कुणीही करू नये. ॲपमधील नकाशात त्या चटईभोवती प्रतिबंधित क्षेत्र आखणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. आज मी पट्ट्या काढून तसे करतो.

मात्र दोन काळ्या चटयांत फरक का पडतो, हे कुणी सांगितले तर बरे होईल.

किरणमापक

काळेपणा हा आपल्या डोळ्यांचा निर्णय आहे, आणि आपले डोळे साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढे जवळजवळ आंधळे असतात. या सेन्सरांतील एलईडी बहुधा ८५० किंवा ९४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतात. कापड रंगवायचे पुष्कळ काळे रंग दृश्य प्रकाश शोषतात, पण अवरक्त प्रकाश अडवत नाहीत. तो आतल्या धाग्यांपर्यंत पोहोचतो आणि तिथून विखरून परत येतो. अशी चटई सेन्सरला जवळजवळ पांढरी दिसते. काजळीसारख्या कार्बनने काळा केलेला धागा मात्र दोन्ही शोषतो, आणि तो सेन्सरला पोकळीसारखा भासतो. तुमच्या दोन चटयांत बहुधा हाच फरक असावा. उलटही घडते. गडद, आरशासारखी चकचकीत फरशी प्रकाश विखरण्याऐवजी एकाच दिशेला परावर्तित करते. तो प्रकाश टिपणाऱ्या घटकाच्या वाटेत आला नाही, तर डोळ्यांना लख्ख दिसणारी फरशीही सेन्सरला नाहीशी झाल्यासारखी वाटते.

काही सेन्सर प्रकाश किती आला यापेक्षा तो कोणत्या कोनातून आला, किंवा जाऊन यायला किती वेळ लागला, हे मोजतात. त्यांना रंगाचा त्रास पुष्कळ कमी होतो. मात्र ते महाग असतात.

उंबरठा (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासण्या केल्या आणि या वेळी सर्व नोंदी लिहून ठेवल्या.

चाके आणि बम्पर ठीक आहेत. पुढचे चाक पूर्ण ओढून काढले. खोबणीच्या तळाशी केसांची चकती होती, ती काढली, पण फरक पडला नाही. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून चारही खिडक्यांमागे जांभळट ठिपका दिसतो. उजवीकडच्या पुढच्या खिडकीतला ठिपका इतरांइतका रेखीव नाही, जरा पसरट वाटतो. तो मंद आहे असे मात्र म्हणता येत नाही. पांढऱ्या कागदावर यंत्र कधी जाते आणि कधी थांबते.

माहितीपुस्तिकेत नव्हे, पण सेवा केंद्रात फोन करून विचारल्यावर बटणे दाबून चाचणीत शिरण्याची पद्धत मिळाली. आकडे ० ते ४०९५ या मापात दिसतात. पांढऱ्या कागदावर : डावीकडचा बाहेरचा २२४०, डावीकडचा पुढचा २३१०, उजवीकडचा पुढचा ६१०, उजवीकडचा बाहेरचा २१८०. यंत्र हातात उंच धरल्यावर अनुक्रमे ३०, २५, १८५ आणि ३५. ऊन असताना कागदावर उजवीकडचा पुढचा आकडा चारशेच्या खाली गेला, बाकीचे तिघे थोडेच हलले. यंत्र उजवीकडे कडा समजून डावीकडे का वळते, हेही त्यावरून कळले.

एलईडी पेटतो आहे, म्हणजे टिपणारा घटक निकामी झाला असे समजावे का?

किरणमापक

नाही, आणि याचे उत्तर तुमच्याच नोंदीत आहे. उंच धरल्यावरचा १८५ हा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो.

एलईडी मंद झाला असता तर कागदावरचा आकडा पडला असता आणि हवेतलाही पडला असता, किंवा फार तर तिशीत राहिला असता. टिपणारा घटक बधिर झाला असता तरी तेच. कनेक्टर सैल असता तर आकडे उड्या मारताना दिसले असते, यंत्र हलवले की बदलले असते. तुमच्याकडे कागदावरचा आकडा जवळपास चौपट घटला आहे आणि त्याच वेळी हवेतला, जिथून काहीच परत यायला नको तिथला, पाच-सहा पट वाढला आहे. खाली काहीच नसताना हा प्रकाश येतो कुठून? फरशीच्या आधी प्रकाशाला भेटणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे खिडकी. खिडकीवर धुक्यासारखा थर असेल तर एलईडीचा थोडा प्रकाश तिथेच विखरून शेजारच्या टिपणाऱ्या घटकावर पडतो, म्हणून हवेतला आकडा वाढतो. बाकीचा प्रकाश जाताना एकदा आणि येताना पुन्हा एकदा त्याच थरात हरवतो, म्हणून कागदावरचा आकडा घटतो. कॅमेऱ्यात दिसलेला पसरट ठिपकाही याच्याशी जुळतो.

खिडकी तुम्ही बाहेरून पुसली आहे. तेव्हा थर आतून असावा. पुष्कळ यंत्रांत ही खिडकी काळपट, तांबूस झाक असलेल्या प्लास्टिकची असते. ते दृश्य प्रकाश अडवते आणि अवरक्त जाऊ देते, त्यामुळे आतल्या बाजूचा थर बाहेरून कितीही निरखले तरी डोळ्यांना दिसत नाही.

एक इशारा आताच देऊन ठेवतो. हाच थर आणखी वाढत गेला असता, तर एखाद्या दिवशी हवेतला आकडा यंत्राच्या पातळीवर गेला असता, आणि मग त्या बाजूला खरी कडा आली तरी सेन्सरने 'फरशी आहे' असेच म्हटले असते. यंत्र विनाकारण थांबते तेव्हा त्रास होतो, पण आपण लक्ष तरी देतो. या दुसऱ्या प्रकारच्या बिघाडात यंत्र सुरळीत चालते आहे असे वाटते आणि त्याचा पत्ता जिन्यावरच लागतो. हवेतला आकडा पाहण्याचा माझा आग्रह यासाठीच होता.

हातोटी

निदानाशी सहमत आहे. यंत्र उघडण्याआधी ते हमीच्या मुदतीत आहे का ते पाहा. असेल तर हे आकडे लिहून सेवा केंद्राला द्या आणि हमीखालीच खिडकी आतून साफ करून मागा. मुदत संपली असेल तर पुढे वाचा.

यंत्र बंद करा, पाण्याची टाकी आणि केराचा डबा काढा, आणि इतर काही सोडवण्याआधी बॅटरी काढून बाजूला ठेवा. बहुतेक यंत्रांत १४.४ व्होल्टच्या आसपासची लिथियम-आयन बॅटरी असते. तिची टोके स्क्रू-ड्रायव्हरने चुकून जोडली गेली तर मोठी ठिणगी पडते आणि सर्किटचे नुकसान होते. कागदावर यंत्राच्या तळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी बसवला तर तो प्लास्टिक फोडून आतल्या तारेपर्यंत जातो. बम्पर काढताना तो ओढू नका. त्याला जोडलेली तार किंवा रिबन केबल (पट्टीसारखी चपटी तार) आधी कनेक्टरपाशी सोडवा, आणि रिबन असेल तर तिला घडी पडू देऊ नका.

सेन्सर हाती आले की लगेच पुसू नका. प्रथम पुढचे डावे आणि पुढचे उजवे हे दोन सेन्सर-घटक (प्रत्येकी एलईडी आणि टिपणारा मिळून) एकमेकांच्या जागी लावून पाहा. मधले दोन सहसा सारखे असतात, बाहेरचे दोन काही यंत्रांत आरशातल्या प्रतिमेसारखे उलट असतात म्हणून ते बदलू नका. दोष घटकाबरोबर डावीकडे गेला तर घटक सदोष आहे. दोष उजवीकडेच राहिला तर तो खिडकीत, तारेत किंवा मुख्य सर्किटवर आहे. यात अर्धा तास जातो, पण पुढचा सगळा अंदाज संपतो. कुठलाही सुटा भाग मागवण्याआधी मी ही अदलाबदल करतोच.

उंबरठा (धागाकर्ती)

हमी मागच्या वर्षी संपली होती, म्हणून काल संध्याकाळी यंत्र उघडले.

अदलाबदल केल्यावर दोष उजवीकडेच राहिला. आकडे जवळपास तेच : कागदावर ५९५, हवेत १९०. उजवीकडून काढलेल्या घटकाने डाव्या खिडकीमागे २२७० दाखवले. म्हणजे ज्या घटकासाठी संपूर्ण भाग बदलायला सांगितले होते, तो पूर्णपणे निरोगी होता.

मग खिडकीची पट्टी सोडवून दिव्याखाली तिरकी धरली. उजव्या भागाच्या आतल्या बाजूस दुधट, किंचित चिकट थर होता आणि त्यात ओघळ सुकल्याच्या कडा स्पष्ट दिसत होत्या. डावा भाग स्वच्छ होता. कारणही मला आठवले. फिरत्या ब्रशमधले केस काढण्यासाठी मी यंत्र नेहमी उजव्या बाजूला कलवून, बम्पर खाली येईल असे उभे धरते, आणि गेल्या महिन्यात एकदा पाण्याची टाकी न काढताच तसे केले होते. टाकीत पाण्याबरोबर फरशी पुसण्याचा द्रव होता. पाणी वाळले, द्रव राहिला, आणि त्यावर बारीक धूळ बसत गेली.

सुरवात

माझीही खिडकी आतून धुरकट झाली होती आणि ती स्वच्छ करताना मी मोठी चूक केली, म्हणून घाईने लिहितो आहे. मी थिनर लावले. क्षणभर ती चमकली आणि मग कायमची पांढुरकी झाली. प्लास्टिकच खराब झाले. शेवटी नवीन पट्टी घ्यावी लागली. धागाकर्तीने अजून पुसले नसेल तर कृपया थांबावे.

किरणमापक

वेळेवर सांगितलेत. थिनर, ॲसिटोन, नखांचा रंग काढण्याचे द्रव यांपैकी काहीही या प्लास्टिकवर नको. खरखरीत स्पंजही नको, कारण त्याचे सूक्ष्म ओरखडे हाही प्रकाश विखरणारा एक थरच असतो आणि तो पुन्हा पुसून निघत नाही. अल्कोहोलही टाळावे, कारण ॲक्रिलिकसारख्या काही प्लास्टिकना त्यामुळे बारीक भेगा पडू शकतात. इथला थर पाण्यात विरघळणाऱ्या द्रवाचा आहे, तेव्हा साधे स्वच्छ पाणीच योग्य आहे. कापसाची काडी ओली करून नीट पिळून घ्यावी, एकाच दिशेने हलके फिरवावी, प्रत्येक वेळी नवी काडी घ्यावी आणि शेवटी मऊ कोरड्या कापडाने टिपावे. पट्टी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय जोडू नये. आत ओल राहिली तर काही दिवसांत पुन्हा धुके धरेल.

पुढे हा धागा वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा दोष घटकाबरोबर सरकेल, त्यांच्यासाठी थोडे लिहून ठेवतो. मल्टिमीटर डायोडच्या चाचणीवर ठेवून अवरक्त एलईडी तपासला, तर योग्य दिशेने साधारण १.० ते १.४ व्होल्ट दिसतात आणि उलट दिशेने काहीच नाही. दोन्ही दिशांना काही दिसत नसेल तर तो तुटला आहे. चालू यंत्रात एलईडीवरचा व्होल्टेज मोजून निष्कर्ष काढू नका. तो धडधडत चालू-बंद होत असल्याने मीटर फक्त सरासरी दाखवतो आणि निरोगी एलईडीही अर्धमेला वाटतो.

उंबरठा (धागाकर्ती)

सुदैवाने मी अजून पुसले नव्हते. आज पाण्यानेच पुसले. सहा काड्या लागल्या; पहिल्या तीन राखाडी झाल्या. पट्टी रात्रभर मोकळ्या हवेत ठेवली आणि सकाळी सर्व जोडले.

आता कागदावर उजवीकडचा पुढचा आकडा २२९० आहे आणि हवेत ३०. उन्हाच्या पट्ट्यात ठेवून पाहिले, तेव्हाही तो दोन हजारांच्या वर राहिला. दुपारी यंत्राने पूर्ण घर एकदाही न थांबता झाडले.

जिन्यापाशी सोडण्याचा धीर मात्र अजून होत नाही. सेन्सर खरी कडा ओळखतो आहे याची सुरक्षित चाचणी कशी घ्यावी?

हातोटी

धीर होत नाही हे योग्यच आहे. जिन्यावर पहिली चाचणी घेऊ नये. जाड पुस्तकांच्या चार सारख्या गठ्ठ्यांवर एक रुंद, न हलणारी फळी ठेवा, जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या आसपास उंच. भोवती सर्व बाजूंना उशा अंथरा, पण त्या फळीच्या काठाला चिकटवू नका. उशी काठाला लागून असेल तर सेन्सरला तीच फरशी वाटेल आणि चाचणी फसेल. फळी काळी किंवा चकचकीत नसावी.

यंत्राला काठाकडे समोरून एकदा जाऊ देणे पुरेसे नाही. समोरून गेल्यास मधले दोन्ही सेन्सर एकदम काठाबाहेर जातात आणि एक दुबळा असला तरी दुसरा यंत्राला वाचवतो. म्हणून प्रत्येक वेळी यंत्र तिरके ठेवा, म्हणजे चारपैकी एकच सेन्सर आधी काठावर येईल. चारही सेन्सरांसाठी असे निदान तीनदा करा आणि पूर्ण वेळ हात जवळ ठेवा. त्यानंतर जिन्यावरही पहिले काही दिवस समोर उभे राहून पाहा.

पायरी

एक भर घालतो. ही चाचणी ओले कापड लावून आणि न लावता अशी दोन्ही प्रकारे घ्या. कापड आणि टाकी लावल्यावर मागचा भाग जड होतो आणि कापडामुळे किंचित उचललाही जातो, त्यामुळे पुढच्या खिडक्यांचे फरशीपासूनचे अंतर बदलते.

उंबरठा (धागाकर्ती)

फळीवरची चाचणी पूर्ण झाली. चार सेन्सर, प्रत्येकी तीनदा, कापडासह आणि कापडाविना, अशा एकूण २४ फेऱ्या घेतल्या. २३ वेळा यंत्र काठाआधी थांबून मागे फिरले. एकदा उजवीकडचे मोठे चाक काठावर आले होते, पण ती फेरी मी फळीच्या अगदी टोकाशी, फारच तिरकी सुरू केली होती. तीच फेरी थोडे मागून पुन्हा तीनदा घेतली तेव्हा यंत्र प्रत्येक वेळी वेळेत थांबले.

जिन्याच्या तोंडाशी सध्या लाकडी अडसर ठेवला आहे आणि तो आणखी पंधरा दिवस तिथेच राहील. टाकी काढल्याशिवाय यंत्र उचलायचे नाही, असे घरातील सर्वांना सांगितले आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चारही सेन्सरांचे कागदावरचे आणि हवेतले आकडे वहीत लिहीन; हवेतला कोणताही आकडा साठच्या वर गेला की यंत्र थांबवून आधी खिडकी उघडून पाहीन.

किरणमापक

साठ ही मर्यादा तुमच्या यंत्रासाठी समंजस आहे, कारण तुमचे निरोगी आकडे २५ ते ३५ मध्ये आहेत. इतरांनी मात्र ती जशीच्या तशी उचलू नये. ज्यांचे यंत्र आज ठीक चालते आहे त्यांनी आजच आपले आठ आकडे लिहून ठेवावेत, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी हाती राहील.